पस्तीस पौंडांत जग

आमच्या घरात मद्याचा शिरकाव आजवर झाला तो फक्त खोकल्याच्या औषधातून, आणि तोही लेबलावरच्या बारीक अक्षरांत. त्यामुळे बर्मिंगहॅमला मुलीकडे तीन महिने राहायला गेलेल्या माणसाने तिथे वाइन वाढायचं भांडं विकत घेतलं, ही बातमी पुण्याला पोचायला एक रात्रसुद्धा लागली नाही. सकाळी फोन उघडला तर कुटुंबाच्या ग्रुपवर चुलतभावाचा प्रश्न हजर: "काय, बसायला लागलास म्हणे?" उभ्या आयुष्यात मी असंख्य ठिकाणी बसलो, कचेरीत, एसटीत, दाताच्या डॉक्टरकडे, पण माझ्या बसण्याची कुणी एवढी आस्थेने चौकशी केली नव्हती.

झालं ते असं. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या एका कुरणात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आपल्या पुण्याच्या जुन्या बाजारासारखाच, फक्त धुळीऐवजी चिखल. पत्र्याच्या टेबलांवर किटल्या, मेलेल्या लोकांचे चष्मे, एक पाय नसलेली चिनी मातीची मेंढपाळीण, असा सगळा संसार मांडलेला. त्यात हे भांडं उभं होतं. दीड वीत उंच. काचेचं पोट, त्यावर खोल कापलेल्या चांदण्या. गळ्यापासून वर सगळा पांढऱ्या धातूचा साज: गळपट्टी, पुढे चोच, मागे वळणदार कान, वर बिजागरीचं झाकण, आणि झाकणावर पुढच्या पायांत ढाल धरून बसलेला बोराएवढा सिंह. चोचीखाली एका दाढीवाल्याचा चेहरा आणि त्याच्या केसांत द्राक्षांचे घोस. मला आधी ती देवघरातली झारी वाटली. ही म्हणाली, "हा म्हसोबा कुठला?"

टेबलामागच्या बाईंनी सांगितलं, "क्लॅरेट जग, बॅब." बर्मिंगहॅमकडच्या बायका अनोळखी म्हाताऱ्यालाही 'बॅब' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं की मान वळवून मागे कुणी लहान मूल आहे का ते पाहावंसं वाटतं; दुसऱ्यांदा आपण खिशात हात घालतो. पस्तीस पौंड. मी घासाघीस करायचा विचार केला, पण 'बॅब'शी घासाघीस कशी करायची ते आपल्याकडे कुणी शिकवलेलं नाही.

मराठीत या शब्दाने थोडी पंचाईत होते. तो जग की ते जग, हे पुढचं क्रियापद येईपर्यंत कळत नाही. मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, काय घेतलंत?" मी म्हटलं, "जग. पस्तीस पौंडांत." ती म्हणाली, "इंग्रजांना याहून स्वस्त पडलं होतं."

क्लॅरेट म्हणजे फ्रान्सच्या बोर्दोकडची तांबडी वाइन. तिथला माणूस तिला क्लॅरेट म्हणत नाही. हे इंग्रजांनी ठेवलेलं, म्हणजे सासरचं नाव. आणि सासर हा शब्द मी उगीच वापरत नाही. ॲक्विटेनची डचेस एलिनॉर हिने ११५२ मध्ये हेन्री प्लँटाजेनेटशी लग्न केलं, दोन वर्षांत हेन्री इंग्लंडचा राजा झाला, आणि बोर्दोसकट तिचा सगळा मुलूख इंग्रजांच्या घरात आला. तो १४५३ पर्यंत, म्हणजे तीनशे वर्षं, तिथेच राहिला. एवढ्या काळात चव जिभेवर बसणारच. त्या लग्नानंतर पाच शतकांनी पोर्तुगालची कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सची राणी व्हायची ठरली, तेव्हा १६६१ च्या करारात आंदण म्हणून आपली मुंबई गेली. थोडक्यात, बोर्दो काय आणि मुंबई काय, दोन्ही इंग्रजांना सासुरवाडीहून मिळालेल्या. मला माझ्या सासऱ्यांनी एचएमटीचं घड्याळ दिलं होतं. ते अजून माझ्या मनगटावर आहे. इंग्रजांच्या हातात दोन्हींपैकी काही राहिलं नाही, हे हिने लगेच दाखवून दिलं.

मध्येच पोर्तुगालने आणखी एक उद्योग केला. १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनवरचा कर फ्रेंच वाइनच्या मानाने एक तृतीयांश कमी झाला, आणि इंग्रज पोर्टकडे वळले. क्लॅरेट उरली ती श्रीमंतांसाठी, नाहीतर रात्री किनाऱ्यावर पिंपं उतरवणाऱ्या चोरट्या व्यापाऱ्यांसाठी. मग १८६० मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी फ्रेंच वाइनवरचा कर उतरवला, पुढच्याच वर्षी किराणा दुकानदारांना बाटलीने वाइन विकायची मुभा मिळाली, आणि मध्यमवर्गीयांच्या जेवणात क्लॅरेट पुन्हा आली. या स्वस्त मालाला लोक 'ग्लॅडस्टन क्लॅरेट' म्हणत. आपल्याकडे अजून कुठल्या अर्थमंत्र्याच्या नावाने सरबत निघालेलं नाही. आज बाजारात दिसणारे काच-चांदीचे जग बहुतेक याच सुमारापासूनचे. कर उतरला की माणूस आधी माल आणतो, आणि मग त्या मालाला शोभेलसं भांडं शोधायला निघतो.

पण भांडं हवंच कशाला? बाटली काय वाईट? जावयाला विचारलं, तर तो सुपरमार्केटातली फिरकीच्या झाकणाची बाटली उघडत म्हणाला, "बाबा, आता सगळे बाटलीच ठेवतात." हे 'आता' फार अलीकडचं आहे. जुन्या तांबड्या वाइनला तळाशी गाळ धरतो. बटलर बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवायचा, म्हणजे गाळ खाली बसावा. मग बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती लावून एका हाताने, मध्ये कुठेही न थांबता, वाइन दुसऱ्या भांड्यात उतरवायची. उजेडात काळी रेघ मानेकडे सरकताना दिसली, की हात थांबला पाहिजे. मी हे मोठ्या रसाने वाचून दाखवत होतो. हिने मेथी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तूप ओतून घेणं. बेरी येऊ द्यायची नाही." बटलरच्या साऱ्या विद्येचा निकाल तिने एका वाक्यात लावला. फरक एवढाच की आपल्याकडे बेरी साखर घालून मुलांना मिळते. तिकडे गाळ फेकून देतात. इंग्रज मुलांचं बालपण एकूण कठीणच गेलं असणार.

माझं मन मात्र त्या भांड्याच्या कानावर आणि चोचीवर अडकलं. पोर्टचा डिकँटर, म्हणजे वाइन उतरवून घ्यायची काचेची बाटली, पाहिला तर त्याला कान नसतो. तो टेबलावर हातोहात डावीकडे सरकत जातो, ज्याने त्याने आपलं ओतून घ्यायचं. तो अडकून बसला, तर ज्याच्यापाशी अडकला त्याला विचारतात, "तुमची नॉरिचच्या बिशपांशी ओळख आहे का?" त्याला समजलं तर तो डिकँटर पुढे सरकवतो, न समजून तो बिशपांची चौकशी करत बसला, तर सगळी पंगत कोरडी. क्लॅरेटच्या जगाला मात्र कान आहे, म्हणजे तो कुणीतरी धरायचा आहे. चोच आहे, म्हणजे तो दुसऱ्याच्या पेल्यात वाकायचा आहे. हे पिणाऱ्याचं भांडं नव्हे, वाढप्याचं आहे. आणि वाढप म्हटलं की मी हळवा होतो. आमच्याकडे लग्नात स्वयंपाक आचारी करायचे, पण तुपाची तांबली मामांच्या हातात असायची. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मामा वाकून जायचे, प्रत्येक वरणभातावर तेवढीच धार, आणि धार तुटताना मनगटाला एक झटका, की थेंब पानाबाहेर नाही. शेवटी त्यांचं धोतर पाहावं, तर सकाळी नेसलं तसंच. मामा इंग्लंडात जन्मले असते तर एखाद्या लॉर्डाकडे बटलर म्हणून सुखाने राहिले असते. लॉर्डाचं मात्र काय झालं असतं सांगता येत नाही, कारण वाढताना मामा 'अजून थोडं' हे दोन शब्द कुणाचंही न ऐकता म्हणायचे.

घरी आणल्यावर मी अभ्यासाला लागलो. निवृत्त माणूस एकदा अभ्यासाला लागला की घरचे त्याला बाहेर नेतात. एका शनिवारी आम्ही सगळे स्टौरब्रिजकडे गेलो. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला हे काचेचं माहेर. कोळसा आणि भट्टीच्या भांड्यांना लागणारी माती दोन्ही तिथेच जमिनीत, म्हणून सतराव्या शतकात फ्रान्सच्या लोरेनकडचे काचकामगार तिथे येऊन वसले. वर्डस्लीला अठराव्या शतकाच्या अखेरचा विटांचा एक शंकू अजून उभा आहे, उंची सुमारे शंभर फूट. आत शिरलं की पालथ्या घातलेल्या महाकाय रांजणात उभं राहिल्यासारखं वाटतं. मधोमध भट्टी, तिच्याभोवती गोलाकार कामगार, आणि वर धुरासाठी एक आभाळाचा तुकडा. नात म्हणाली, "आजोबा, हा दगडी रॉकेट आहे." मी 'विटांचा' अशी दुरुस्ती केली, आणि तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उरलेली माहिती गिळली.

ती इथे देतो. इंग्लंडात १७४५ च्या कायद्याने काचेवर कर बसला, आणि तोही वजनावर. अबकारी अधिकारी भट्टीपाशीच ठाण मांडून असायचा. शिसं घातलेली इंग्लिश काच, जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये जिचं पेटंट घेतलं होतं ती, मुळात वजनदार. ती खोल कापली तरच इंद्रधनुष्य सांडते, आणि खोल कापायची तर जाड हवी. कराने पेले बारीक झाले, दांडे सडपातळ झाले. असा शंभर वर्षांचा उपास झाला. १८४५ मध्ये रॉबर्ट पील यांच्या सरकारने कर काढून टाकला, आणि मग काच जी सुटली ती थेट सहा वर्षांनी हाइड पार्कात पोचली, अख्खा क्रिस्टल पॅलेस होऊन. माझ्या जगाच्या पोटावरच्या चांदण्या अंगठ्याचं नख रुतेल एवढ्या खोल आहेत. त्या पाहिल्या की उपास सोडलेल्या माणसाचं ताट आठवतं.

काच फुंकणारा स्टौरब्रिजचा, चांदी घडवणारा बहुधा बर्मिंगहॅमचा नाहीतर लंडनचा. तोंडाने फुंकलेल्या काचेचे दोन गळे कधी तंतोतंत सारखे येत नाहीत, त्यामुळे सोनाराला त्या एका गळ्याच्या मापाची एकच गळपट्टी घडवावी लागे. काचेच्या बुचांचंही तेच. कित्येक डिकँटरांच्या गळ्यावर आणि बुचाच्या बुडाशी एकच आकडा कोरलेला सापडतो, म्हणजे धुताना अदलाबदल नको. आमच्या आईच्या फळीवर पितळेचे बारा डबे होते, सगळे एका मापाचे म्हणून घेतलेले, आणि प्रत्येकाचं झाकण फक्त त्याच्याच डब्याला बसायचं. आकडे नव्हते. आईला ते नुसते हाताला कळायचे, आणि आम्ही मुलांनी चुकीचं झाकण ठोकून बसवलं की तेही तिला पाठमोरं उभं असताना आवाजावरून कळायचं.

वाचता वाचता मी घरच्या भांड्यापासून बराच लांब गेलो. अलेक्झांडर क्रायटन नावाच्या लंडनच्या चांदीकामगाराने १८८१-८२ च्या सुमारास प्राण्यांच्या आकाराचे क्लॅरेट जग काढले होते: बदक, पाणमांजर, काकाकुवा, आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे वॉलरस. काचेचं धड, चांदीचं डोकं. डोकं मागे पाडायचं, वाइन भरायची, आणि मग यजमानाने वॉलरसला कानाशी धरून पाहुण्याच्या पेल्यात ओकायला लावायचं. एका अतिशय शिष्टाचारी राष्ट्राला हे सुचलं, याचा मला मनापासून आनंद झाला. ख्रिस्तोफर ड्रेसरची गोष्ट याच्या उलट. हा ग्लासगोचा गडी मुळात वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक, १८७६-७७ मध्ये जपान पाहून आला, आणि बर्मिंगहॅमच्या ह्यूकिन अँड हीथ या कारखान्यासाठी त्याने असे जग काढले की त्यांवर ना द्राक्षं, ना दाढीवाले, ना सिंह. गोल काच, सरळ दांडा, बस्स. फोटो पाहून जावयाने विचारलं, हे कुठल्या दुकानात मिळतात? ते जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचे आहेत, हे त्याला पटेना.

आणि विल्यम बर्जेस. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या वास्तुविशारदाने स्वतःच्या हौसेसाठी करवून घेतलेला डिकँटर आहे. हिरव्या काचेची बाटली, तिला चांदीचा साज, आणि त्या चांदीत रंगीत खडे, जुनी नाणी, जे हाताला लागलं ते जडवलेलं. लग्नात सगळे दागिने एकदम घातलेली करवली असते ना, तशी ती बाटली काचेच्या कपाटात उभी आहे. याच बर्जेसने त्याच सुमाराला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या इमारतीचा आराखडा केला होता. ती कधी बांधली गेली नाही. डिकँटर पाहिल्यावर मला मुंबईकरांची दूरदृष्टी कळली. तिथल्या कबुतराला आत शिरून बाहेर यायला दोन पिढ्या लागल्या असत्या.

हिचं लक्ष मात्र या सगळ्यात एकाच वस्तूने वेधलं, ती म्हणजे टँटलस. लाकडी चौकटीत तीन डिकँटर, आणि वरून एक आडवी दांडी, तिला कुलूप. दारू डोळ्यांपुढे चमकते, पण किल्ली मालकाच्या खिशात. नोकरांनी चोरून पिऊ नये म्हणून केलेली ही सोय १८८० च्या दशकात बेचमन या लंडनच्या कारखानदारांनी पेटंट घेऊन विकली, आणि पुढे त्याच घराण्यात जॉन बेचमन हा कवी जन्मला. "आपल्या लाडवांच्या डब्याला असं करता आलं असतं," ही म्हणाली. दिवाळीत डबा वरच्या फळीवर ठेवूनही लाडू कमी व्हायचे, त्याचा हिशेब तिच्या मनात अजून मिटलेला नाही.

एवढा अभ्यास झाल्यावर माझ्या जगाचं वय आणि कूळ काढायचं राहिलं. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं: अमक्यातमक्याकडून सप्रेम भेट, खाली तारीख. त्यांच्याकडे तपासणाऱ्याचं असतं. इंग्लिश चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा ठसा असला की हजारात ९२५ भाग चांदी, मग शहराची खूण, वर्षाचं अक्षर, घडवणाऱ्याची आद्याक्षरं. लंडनची खूण बिबट्याचं तोंड. बर्मिंगहॅमची नांगर, म्हणजे शेतातला नव्हे, जहाजाचा. समुद्र पाहायला जिथून दिवसभराचा प्रवास करावा लागे, त्या गावाला जहाजाचा नांगर कसा? बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनला आपली चांदी ठशासाठी पार चेस्टरला पाठवावी लागे, वाटेत ती चेपायची. म्हणून त्याने आणि शेफील्डवाल्यांनी मिळून लंडनमध्ये खटपट केली आणि १७७३ मध्ये दोन्ही गावांना तपासणीची कचेरी मिळाली. खटपटीसाठी ही मंडळी उतरायची ती 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत. एका गावाने पाटीवरचा मुकुट घेतला, दुसऱ्याने नांगर. नाणं उडवून ठरवलं असंही सांगतात. शुद्धतेची खूण दारूच्या गुत्त्याच्या पाटीवरून उचललेली असावी, हे मी चुलतभावाला तातडीने कळवलं. त्याने फक्त अंगठा पाठवला.

भिंगातून पाहिलं, तर गळपट्टीच्या आतल्या बाजूला चार नखुल्या ढाली ओळीने होत्या आणि प्रत्येकीत वेलबुट्टीदार जुन्या वळणाचं एकेक अक्षर. माझे हात थरथरले. चार ठसे! तक्ते उघडले. पहिल्या अक्षराचं वर्ष एका तक्त्यात १८७९ निघे, तर दुसऱ्यात भलतंच काही. सिंह कुठे दिसेना; मी म्हटलं, झिजला असेल. तीन संध्याकाळी मी त्या चार ढालींशी झुंजलो. चौथ्या दिवशी नातीने भिंग हिसकावून घेतलं आणि तोंडाने खडाखडा वाचलं: "ई. पी. एन. एस."

जावयाने मोठ्या हळुवारपणे अर्थ सांगितला. इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. वर विजेने चढवलेला चांदीचा पातळ मुलामा, आत तांबं, निकेल आणि जस्त. नावात सिल्व्हर, पण त्या मिश्रधातूत चांदी औषधालाही नाही. मुलामा देणारे कारखानदार मुद्दाम अशी अक्षरं ढालींत बसवत, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला हॉलमार्क वाटावा. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी बर्मिंगहॅममध्ये बसून माझ्यासारख्याच कुणाचा तरी विचार केला होता. या मिश्रधातूचं दुसरं नाव जर्मन सिल्व्हर. ते ऐकल्याबरोबर हिने हातातला झारा खाली ठेवला. "म्हणजे जर्मनचं भांडं?" आपल्या घरांत जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं, उतरंडीतली शेवटची पायरी. ती समजूत दूर करायला मला अर्धा तास लागला, आणि शेवटी ती म्हणाली, "असू दे हो. निदान आता वापरता तरी येईल."

तिचं खरं होतं. चांदी आहे असं वाटत होतं तोवर त्या जगाला कुणी हात लावत नव्हतं. जर्मन ठरल्यावर तो घरातला झाला. आतून धुवायचा इंग्रजी उपाय पुस्तकात होता: तांदळाचे दाणे आणि व्हिनेगर घालून गरगर फिरवायचं. हिची आजी तेलाची बाटली तांदूळ आणि राखेनेच धुवायची, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही. वाद झाला तो पुढे. मी उत्साहात जग रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवला. सकाळी उचलला, तर कान, चोच, म्हसोबा आणि सिंह माझ्या हातात आले, पोट पाण्यात.

काच आणि धातू एकमेकांना धरत नाहीत. त्यांच्यामध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक पातळ थर असतो, आणि त्याच्याच जिवावर हा सगळा थाट दीडशे वर्षं उभा असतो. म्हणून असं भांडं कधी बुडवून ठेवायचं नाही, हे पुस्तकात तांदळाच्या पुढच्याच पानावर होतं. मी तांदळापाशीच वाचायचा थांबलो होतो. पीओपी पाण्यात विरघळत नाही म्हणून आपण दर भाद्रपदात ओरड करतो. ते नेमकं माझ्या मोरीत मऊ पडायचं होतं. नातीच्या खेळण्यात मूर्ती ओतायचा एक संच होता, त्यातली पुडी मी उसनी घेतली. कालवलं, गळ्याला थापलं, वर गळपट्टी बसवली, आणि अर्धा तास श्वास रोखून धरून ठेवली. वाळल्यावर पाहिलं तर म्हसोबा किंचित डावीकडे झुकला होता. हिला वाटलं, आता तो जास्त माणसातला दिसतो.

गणपतीत दुपारी मंडळी जमली. पुण्याहून येताना आम्ही कोकमाचं आगळ आणलं होतं, त्याचं सरबत केलं, साखर, जिरेपूड घालून. जगात ओतल्यावर उन्हात ते असं लाल पेटलं की जावई दोन क्षण गप्प झाला. आगळात मीठ भरपूर, आणि मीठ चांदीला खातं; इंग्रजांच्या चांदीच्या मीठदाणीला म्हणूनच आतून सोन्याचा मुलामा नाहीतर निळ्या काचेची वाटी असते. हे सगळं मी सांगणार होतो, पण हिने "जर्मनला काय होतंय" म्हणून जग उचललाही.

शेजारच्या इंग्रज आजी दर्शनाला आल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. जग पाहिल्यावर त्यांनी खुर्ची थोडी पुढे सरकवली. हिने कान धरला, अंगठ्याने झाकण उचललं आणि मामांची भाची शोभेल अशी धार लावली. पेला भरला. मनगटाला तो झटकाही दिला. पण चोच माझ्या हातून डावीकडे झुकलेली. शेवटचा थेंब परतायचा सोडून म्हसोबाच्या दाढीत उतरला, दाढीतून हनुवटीवर, आणि तिथून मुलीच्या पांढऱ्याशुभ्र, लग्नात मिळालेल्या टेबलक्लॉथवर. मागून आणखी दोन.

आजी ताडकन उठल्या. इतका वेळ ज्यांना हळू बोलताना ऐकलं होतं, त्या खणखणीत आवाजात ओरडल्या. मीठ! लवकर मीठ आणा, त्यावर मीठ टाका!

"काय म्हणतायत त्या?" हिने विचारलं.

मी सांगितलं.

"मग सांगा ना त्यांना," ही डागावर फडकं दाबत म्हणाली, "मीठ आहेच त्यात."